आजीच्या वहीला तारखा लावून देणाऱ्या काकूंना

इंदूर

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

आजीच्या वर्षश्राद्धाला वाटलेली स्मरणिका देवास, उज्जैन, धार करत पुण्यापर्यंत पोचली आहे, आणि हे काम कोणी केलं असं जो तो विचारतो आहे. नाव छापायचं नाही ही तुमची अट आम्ही पाळतो. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, आणि तुमची पद्धतही सगळ्यांपुढे मांडायची आहे. माळव्यातल्या किती मराठी घरांत अशा वह्या माळ्यावर पडून असतील, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जात असतील!

आजी देवासची. टेकडीखाली घर, शिवणाचं मशीन, सासरचं मोठं खटलं. तिच्याबद्दल बोलायला बसलं की नातेवाईक ‘फार प्रेमळ होती’ इथवर येऊन थांबतात. तुम्ही आधी तिची हिशेबाची वही मागितलीत. त्या वहीत एकाआड एक पानांवर किराणा, शिवणाची येणी, पाककृती आणि औषधं, सगळं सरमिसळ होतं. सन मात्र कुठेच नव्हता.

वही हाताळायची कशी, हे तुम्ही आधी शिकवलंत. गंजलेली टाचणी ओढायची नाही. तिच्याखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून ती हळूच वर घ्यायची, नाहीतर गंजाने कुजलेला कागद टाचणीबरोबर येतो. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावायची नाही, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांत उतरतो. पान सपाट स्कॅनरवर ठेवायचं आणि मागे काळा कागद लावायचा, म्हणजे पाठीमागची शाई पुढे उमटत नाही. पानं ३०० डीपीआयवर, लहान फोटो ६०० वर, आणि फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करायचं, कारण तपकिरी डाग आणि मूळ छटा पुढे वेगळ्या काढता येतात. तेलाचे, हळदीचे डाग काढायच्या फंदात पडायचं नाही. उन्हात हळद उडते हे खरं, पण तिच्याबरोबर शाईही उडते. आजीचा लग्नातला फोटो चौकटीच्या काचेला चिकटला होता. तो सोडवायला गेलं असतं तर चेहरा काचेवर राहिला असता. तुम्ही समोर काळं कापड धरून, सावलीतल्या उजेडात, काचेसकट कॅमेऱ्याने टिपलात.

खरी करामत आकड्यांची. जुन्या हिशेबात उभी रेघ म्हणजे पाव रुपया, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पुढे आडवी रेघ आली तर ती एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. म्हणजे ५॥। हे पाच रुपये बारा आणे, आणि त्याला पुढे दोन आडव्या रेघा असल्या तर चौदा आणे. घाईने वाचणारा त्या उभ्या रेघांना एकाचे आकडे समजतो आणि पाच हजार एकशे अकरा वाचून मोकळा होतो. टंकनाला देताना तर ही चूक हमखास होते, म्हणून तुम्ही प्रत्येक रक्कम आधी अक्षरी लिहून घेतलीत.

मग काळ. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नये पैसे झाले. एक आणा ६ पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. त्यामुळे वहीत भाजीपुढे १९ हा विचित्र आकडा दिसला की ती तीन आण्यांचीच भाजी, आणि पान एप्रिल १९५७ नंतरचं. उलट मात्र खरं नाही. जुनी नाणी त्यानंतरही काही वर्षं चालत होती, तेव्हा आणे दिसले म्हणून पान आधीचं ठरत नाही. ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गेला. पत्रांसाठी दुसऱ्या खुणा: पत्त्यात ‘मध्य भारत’ हे तेव्हाचं राज्य असेल तर १९४८ ते १९५६; देवासच्या थोरल्या किंवा धाकट्या पातीचा (तिथल्या दोन संस्थानांपैकी एकाचा) उल्लेख असेल तर बहुधा त्याच्याही आधीचं; पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

तिथ्यांचा घोळ तर आपल्या भागाचा खासच. आजी मराठी पंचांगाने लिहायची, किराणावाल्याच्या चिठ्ठ्या मात्र इकडच्या पूर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणाऱ्या महिन्यांच्या. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो. वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस तोच. हे ध्यानात घेतलं नाही तर उधारी एका महिन्याने चुकते आणि आजीने पैसे बुडवले असं दिसतं! शकात ७८ मिळवायचे (पौषात इंग्रजी साल बदललं की फाल्गुनअखेरपर्यंत ७९), आणि चिठ्ठीवरच्या संवतातून ५७ वजा करायचे (तिथेही वर्षअखेरीच्या महिन्यांना ५६).

ह्या सगळ्या खटाटोपातून जे हाती आलं त्यासाठी हे पत्र आहे. दरमहा ‘फी १॥’ अशी नोंद होती, पुढच्या पानांवर तीच ‘१-५०’ झाली. वेगवेगळ्या पानांवर असल्याने ती घरातल्या मुलांची असावी असं सगळे धरून चालले होते. तुम्ही पानं क्रमाने लावलीत, घरातल्या मुलांच्या इयत्ता शेजारी मांडल्यात, आणि दाखवलंत की ती फी आपल्या कुठल्याच मुलाची नाही. शिवणाची येणी ज्या आठवड्यात जमा होत, त्याच आठवड्यात ती भरली जाई. आजी ब्लाउज शिवून कुणा परक्या मुलाला किंवा मुलीला शिकवत होती, आणि घरात ह्याचा शब्द नव्हता. नाव शोधायचा मोह सगळ्यांना झाला. ‘पुरावा नाही तर नाव नाही’, हे तुमचं म्हणणं. स्मरणिकेत फक्त नोंदी छापल्या, तर्क छापला नाही, आणि तेच योग्य झालं.

पाककृतींत मापं शेराची. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. पावशेर २३३, नवटाक ११७, छटाक ५८. पण धान्य आणि पीठ मापाने भरत, तिथे हे वजन चालत नाही. अशा ठिकाणी तुम्ही रूपांतर न करता मूळ शब्दच ठेवलात. भुट्ट्याच्या (मक्याच्या कणसाच्या) किसापुढे तर तिने ‘दूध पुरेसं’ एवढंच लिहिलेलं. म्हणून मोठ्या काकूंना करायला लावून, दुधाचं भांडं आधी आणि नंतर काट्यावर ठेवून माप घेतलंत: दोन वाट्या किसाला एक वाटी दूध, भुट्टा जून असेल तर आणखी अर्धी. तूप, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग कीस. कच्चा वास जाऊन कडेने तूप सुटेपर्यंत परतायचा, दूध त्यानंतरच. आधी घातलं तर गोळा होतो आणि मग कितीही शिजवा, चिकटपणा जात नाही. साखर चिमूटभर, लिंबू गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं.

आजीच्या मैत्रिणींना बोलतं करण्याची तुमची रीतही लिहून ठेवतो. सन विचारायचा नाही. ‘कोणाच्या मुंजीच्या आधी की नंतर’ असं विचारायचं. हातात फोटो किंवा भांडं द्यायचं. दोघींना एकत्र बसवायचं, एकीची चूक दुसरी सुधारते. पंखा बंद, आवाज टिपणारा फोन विमान मोडवर आणि घडी घातलेल्या चादरीवर, म्हणजे टेबलाची थरथर त्यात येत नाही.

मूळ वही धुतलेल्या सुती कापडात बांधून मधल्या फळीवर ठेवली आहे, खाली ओल येते आणि माळ्यावर ऊन तापतं. स्कॅनच्या तीन प्रती झाल्या: इंदूरला, देवासला आणि पुण्याला आत्याकडे. शेवटची पेन्सिलीची पानं अजून लागत नाहीत. तिरक्या उजेडात पुन्हा टिपून ती तुमच्याकडे आणतो. पावसाळ्यात कोवळे भुट्टे आले की कीसही आणू.

आपली,
देवासच्या आजीची नातवंडं