उद्घाटनाच्या तारखेआधी तयारीचा अहवाल जाहीर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शासनाचे नवे पोर्टल किंवा ॲप येणार असले की उद्घाटनाची तारीख गावोगाव पोचते. त्या दिवशी ते नीट चालेल, ही खात्री कोणी आणि कशाच्या जोरावर दिली, हे मात्र कोणालाच कळत नाही. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, म्हणून हे पत्र तळमळीने लिहीत आहे.

२०१७ साल आठवा. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पुढच्या प्रवेशांसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या मुलांना त्याचा काय उपयोग? त्याच ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, शेतकऱ्यांना कर्जमाफीची प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर बँकांच्या याद्या आणि ऑनलाइन अर्ज जुळेनात. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. दोन्ही ठिकाणी तारीख आधी ठरली होती, तयारी मागून धावत होती.

आढावा बैठकीत ‘८० टक्के काम पूर्ण’ असे सांगितले जाते. पुलाच्या बाबतीत ते जागेवर जाऊन पाहता येते, सॉफ्टवेअरच्या बाबतीत नाही. जुन्या नोंदींची साफसफाई, बँकेच्या आणि आधारच्या यंत्रणेशी जोडणी, शेवटच्या दिवशी सर्व्हरवर येणारा भार, हे सगळे अवघड काम उरलेल्या २० टक्क्यांतच असते.

ब्रिटनमध्ये सरकारच्या मोठ्या प्रकल्पांची, त्यात संगणकीय प्रकल्पही आले, यासाठी वेगळी तपासणी होते. प्रकल्पाबाहेरचे अनुभवी लोक एकच गोष्ट पाहतात: ठरल्या वेळेत, ठरल्या खर्चात, सांगितलेला लाभ देऊन हे काम पार पडेल, असा विश्वास वाटतो का? उत्तर लाल, पिवळ्या, हिरव्या श्रेणीत दिले जाते आणि २०१३ पासून ते दरवर्षी प्रसिद्ध होते. तिथेही पळवाट निघालीच. २०१४ मध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या, गरजूंचे वेगवेगळे सरकारी भत्ते एकत्र करणाऱ्या गाजलेल्या योजनेला रंग न देता ‘नव्याने आखणी’ अशी वेगळीच श्रेणी दिली गेली. पण श्रेण्या जाहीर होत असल्यामुळेच ती लपवाछपवी संसदेत आणि वर्तमानपत्रांत पकडली गेली. आपल्याकडेही अहवाल फाइलीत न ठेवता लोकांसमोर यायला हवा, तो याचसाठी.

आणि ही तपासणी केवळ मंत्रालयातल्या सादरीकरणावर होऊ नये. संगणकीकृत सातबारा बिनचूक करण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या आणि वारसाचे नाव कुठे गळले, क्षेत्र कुठे चुकले, हे ज्याची जमीन त्यानेच सांगितले. या कामाने तलाठ्यांचा जीव मेटाकुटीला आला खरा, पण डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यावर आज जो विश्वास आहे, त्यात या कष्टांचा मोठा वाटा आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल ॲपवरून आपल्या पिकाची नोंद करणे, २०२१ मध्ये राज्यभर सुरू झाली, त्यानंतर नेटवर्क आणि सर्व्हरच्या तक्रारींमुळे मुदतवाढ द्यावी लागत राहिली. डोंगरी गावात मोबाइलला रेंज कुठे मिळते हे तिथल्या कोतवालाला ठाऊक असते. त्याला आधी विचारायला काय हरकत आहे?

तेव्हा शासनाला माझी विनंती आहे. लाखो लोकांनी वापरायच्या प्रत्येक पोर्टलची सुरू होण्याआधी त्रयस्थ तपासणी करावी. तपासणाऱ्यांत तलाठी, ग्रामसेवक, सेतू केंद्रचालक आणि बँकेचे शाखाधिकारी असावेत. पोर्टल बंद पडले तर कागदी अर्ज कुठे घेणार, हे अहवालात लिहिलेले असावे. ‘अजून तयार नाही’ असा शेरा आला तर उद्घाटन पुढे ढकलणे बंधनकारक असावे आणि असा शेरा देणाऱ्या कर्मचाऱ्याची त्यापायी बदली होऊ नये. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढा एक प्रश्न सभागृहात मांडावा: सध्या तयार होत असलेल्या पोर्टलांपैकी किती वेळेवर चालतील असे शासनाला वाटते आणि कशावरून?

आपला,
एक निवृत्त मंडल अधिकारी, जि. सातारा