गाडी द्या, पण किल्लीबरोबर विमा किती जातो ते बघून

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, गौरी-गणपतीत गाडी तीन हातांत फिरणार हे आत्ताच दिसतंय. चतुर्थीला मी चालवणार, ऋषिपंचमीला आत्याचा मुलगा तासगावच्या रथोत्सवाला नेणार आणि काकांचा धाकटा किल्ली मागून नेतो हेच नशीब. "माझ्या नावावरची गाडी दुसऱ्याच्या हातून ठोकली तर विमा मिळतो का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. मिळतो. आपल्याकडे मोटारीचा विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. पॉलिसीतलं ड्रायव्हरचं कलम वाचा: मालक धरून कोणीही चालवू शकतो, फक्त अपघाताच्या वेळी त्याचं लायसन्स त्या प्रकारच्या वाहनाचं आणि चालू असायला हवं. नाव नोंदवायला नको, जादा हप्ता नको. पण सगळाच विमा किल्लीबरोबर जात नाही, आणि जात नाही तोच भाग जड आहे.

तो म्हणजे मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. आरसीवर ज्याचं नाव, त्याचाच तो. मी किंवा आत्याचा मुलगा स्टिअरिंगवर असताना आम्हाला काही झालं, तर त्यातून पैसे मिळतीलच असं धरता येत नाही. थर्ड पार्टीतून, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्याच्या सक्तीच्या विम्यातूनही नाही, कारण मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा खटल्यात हे सांगितलं आणि २०२० मध्ये रामखिलाडी खटल्यात तेच कायम ठेवलं. चूक समोरच्या गाडीची असेल तर तिच्या विम्याकडे मागता येतं. आपलीच गाडी दुभाजकावर चढली तर तीही वाट नाही. म्हणून जो वरचेवर दुसऱ्याची गाडी चालवतो त्याने स्वतःच्या नावाची अपघात पॉलिसी वेगळी घ्यावी. काकांच्या धाकट्याला हे तुम्हीच सांगा, माझं तो ऐकणार नाही.

त्या १५ लाखांना आणखी एक अट आहे: मालकाचंही लायसन्स चालू हवं. तुमच्या वयात ते एका वेळी ५ वर्षांचंच मिळतं. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. डॉक्टरांकडून फॉर्म १ए (वैद्यकीय दाखला) भरून घ्या आणि सारथी या सरकारी वेबसाइटवर अर्ज करा. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. हप्ता भरलाय पण लायसन्स संपलंय, असं असेल तर त्या हप्त्याचा उपयोग नाही. आजच कार्ड काढून तारीख बघा.

आई, तू लोखंडी कपाटातली पॉलिसी काढ आणि त्यावरच्या दोन तारखा वाच. एकच वाचून थांबू नकोस. नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा देतात, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा बहुधा १ वर्षाचाच असतो. मोठी तारीख बघून 'अजून चालू आहे' असं वाटतं, आणि फर्स्ट पार्टी, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, कधीच संपलेली असते. त्यात नुसती थर्ड पार्टी उरली, तर रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळते, पण आपल्या गाडीत बसलेल्या मावशीला किंवा आजीला त्यातून मिळत नाही. पूर्ण पॉलिसीत मात्र आत बसलेलेही धरलेले असतात. सणाला गाडी भरून निघायची, म्हणून हे आधी बघायचं.

गाडी कोणाला द्यायची नाही, तेही सांगते. लायसन्स फक्त दुचाकीचं असेल तर नाही. शिकाऊ लायसन्सवाला असेल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस आणि पुढेमागे लाल 'एल' हवा. अठरा पूर्ण नसलेल्याला कॉलनीतल्या कॉलनीतही नाही; त्यात मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आणि गाडी भाड्याने अजिबात नाही. आपल्या माणसाने टाकी भरून आणली ते भाडं नव्हे, पण किलोमीटरमागे पैसे घेतले की झालं भाडं. डिकीत हळदीची पोती घालून मार्केट यार्डात नेणं हेही खासगी कारच्या पॉलिसीत बसत नाही. स्वतःचं सामान चालतं, व्यापाराचा माल नाही.

ठोकलीच तर चालवणाऱ्याने हे करायचं: कोणी जखमी असेल तर आधी ११२ आणि दवाखाना, मग पोलिसांना खबर. नंबर प्लेट दिसेल असे चार बाजूंचे फोटो. 'भरून देतो' असा शब्द जागेवर कोणालाही द्यायचा नाही, विमा कंपनीच्या संमतीवाचून कबुली देणं पॉलिसीच्या अटीत बसत नाही. कंपनीला लगेच फोन, आणि नुकसान तपासणारा कंपनीचा सर्व्हेअर बघेपर्यंत गॅरेजमध्ये काही खोलायचं नाही. क्लेम तुमच्या नावाने होईल, सही तुमची, लायसन्सची प्रत त्याची. इथेच लोक घोळ घालतात. चालवत होता पुतण्या आणि फॉर्मवर लिहितात बाबा, 'मालकाचं नाव बरं' म्हणून. खरं लिहिलं तर मिळणारे पैसे खोटं लिहिल्याने जातात. पुतण्याचं लायसन्स चालू असेल तर लपवायचं काय?

छोट्या ठोकीला क्लेम करू नका. समजा नुसता बंपर ५,००० चा. प्लॅस्टिकवर घसारा ५० टक्के, म्हणजे उरले २,५००. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेमला आपणच सोसायचा भाग, १,००० (१५०० सीसीपर्यंत). हातात १,५००. तुम्ही जुन्या गाडीवरून आणलेला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल नुकसानीच्या हप्त्यात मिळणारी सूट) मात्र शून्यावर येतो. नुकसानीचा हप्ता सूट धरण्याआधी ८,००० धरला तर पुढच्या वर्षी ४,००० जास्त गेले, आणि पुन्हा ५० वर यायला पाच वर्षं. शून्य घसाऱ्याची पॉलिसी असली तरी बोनस जातोच. बंपरचे पैसे ज्याने ठोकली त्याने द्यावेत, हे किल्ली देतानाच बोलून घ्या. नंतर बोललं की नात्यात येतं.

पाण्याचंही सांगून ठेवा. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण पाहिलाय. पुराचं नुकसान फर्स्ट पार्टीत येतं, पण बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारला, आत पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम घेतलेलं नसताना कंपनी तो खर्च नाकारते. गाडी पाण्यात असेल तर किल्ली फिरवायची नाही, ढकलून किंवा क्रेनने काढायची.

दुसरी किल्ली आई, तुझ्याकडेच ठेव. चोरी झाली तर कंपनी दोन्ही मागते. आरसी, पॉलिसी आणि पीयूसी तिघांच्याही फोनवर पाठवून ठेव. आरसी डिजिलॉकरमधली दाखवलेली पोलिसांना चालते.

मी चतुर्थीच्या आदल्या रात्री पोचते. बाबांच्या लायसन्सवरची तारीख त्याआधी मला कळवा.

तुमची लेक