ओट्स खा, पण गोळी सोडू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ओट्सवरचा लेख वाचला आणि राहवले नाही. रोज वाटीभर ओट्स खाल्ले की कोलेस्टेरॉलची चिंता मिटली, असे छापताना किती खाल्ल्यावर किती उतरते, हे एका ओळीत तरी सांगायला हवे होते.

ओट्समध्ये गुण आहे, हे मान्य. त्यातला बीटा-ग्लुकन हा तंतू आतड्यात चिकट होतो, पित्ताम्ले धरून बाहेर नेतो, मग नवी पित्ताम्ले बनवायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. पण त्यासाठी रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवे, म्हणजे साधारण 70 ते 80 ग्रॅम कोरडे ओट्स. तेवढे नेमाने खाल्ले तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 5 ते 7 टक्के उतरते. डॉक्टर कोलेस्टेरॉलसाठी देतात त्या स्टॅटिनच्या गोळीने 30 ते 50 टक्के!

आमच्या थोरल्या वहिनींनी असाच एक लेख वाचून परस्पर गोळी बंद केली. सकाळी मसाला ओट्सचे एक पाकीट, वर मूठभर शेव, झाले पथ्य. पाकिटात जेमतेम 40 ग्रॅम, त्यात मीठ भरपूर, आणि वहिनींना बीपीही आहे. गोळ्यांच्या पट्ट्या फ्रिजवरच्या डब्यात न फोडलेल्या सापडल्या, त्या रक्ताचा रिपोर्ट बिघडल्यावर. डॉक्टर रागावले ते वहिनींवर. लिहिणाऱ्याला कोण विचारणार?

आमच्या खानापूर भागात दवाखान्यातून हाती पडणारे पथ्याचे कागद कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. वहिनींच्या वयाच्या बायकांना मराठीत वाचायला तुमचेच पान असते आणि त्यात आलेले त्या खरे मानतात. म्हणून जबाबदारी जास्त.

शिवाय ओट्सचाच एवढा आग्रह का? जवातही हेच बीटा-ग्लुकन असते. होमाला लागतात म्हणून जव इथल्या किराणा दुकानात मिळतात, ज्वारीच्या पिठात जवाचे पीठ मिसळून भाकरी होते. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

येत्या पुरवणीत खुलासा छापावा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही गोळी बंद करू नये. तोही लेखाच्याच जागी, कोपऱ्यात नको. आणि पुरवणीचे अक्षर मोठे करा. चष्मा लावूनही त्यातले आकडे लागत नाहीत.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर (जि. बेळगाव)