पेडल नीट तपासणाऱ्या मिस्त्रींचे आभार

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांचे ब्रेक जीव लावून बघणाऱ्या सगळ्या मिस्त्रींचे मनापासून आभार.

पेडल मऊ लागतं म्हटलं की नुसतं ब्रेक ऑइल ओतून तुम्ही गाडी परत देत नाही. आधी पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरायला लावता. ते हळूहळू खाली बसलं आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाची, आतली रबरं गेली. दोन-तीनदा मारल्यावर वर आलं, तर ऑइलच्या लाइनीत हवा, नाहीतर मागच्या चाकांच्या ड्रममधले शूज (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) झिजून ड्रमपासून लांब गेलेले. हे दुसरं कारण बरेच जण विसरतात. तुम्ही हवा काढण्याआधी शूज ॲडजस्ट करता.

लाइनीतली हवा काढायचे छोटे स्क्रू, म्हणजे निपल, खाऱ्या हवेने गंजून बसतात. पाना जोरात ओढला की निपल तुटलाच. म्हणून आदल्या संध्याकाळी त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवता. हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवता, कारण पेडल तळाला गेलं तर रबरं सिलिंडरच्या न वापरलेल्या, खरबरीत भागावर घासून फाटतात. निपलची पारदर्शक नळी ऑइलच्या बाटलीत बुडवून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबता.

डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकतं, ओलावा धरलेलं १४०च्या आसपासही उकळू शकतं. आंबा घाट उतरताना हा फरक फार मोठा असतो. दर २ वर्षांनी ऑइल बदलायला हक्काने सांगता, त्याबद्दलही आभार.