ताई, तुमचा केसपेपर आमच्याकडेच राहिला

आशाताई,

समोर बोलायला गेलो की घसा दाटून येतो, म्हणून लिहितो आहे.

पोळ्यापासून पोरगी बिघडली होती. 'बिघडली' हा आमचाच शब्द. दहावीचं वर्ष, अन् ही शाळेतून आली की दप्तर फेकायची, भावावर खेकसायची, रोज पोट दुखतं म्हणायची. रात्री दोनला पाहावं तर डोळे टक्क उघडे. शाळेतून निरोप आला, "अभ्यास नको म्हणून नाटकं करते." तालुक्याच्या एका डॉक्टरनं दोन सलाईन लावल्या. तिच्याशी शब्द नाही, सगळं मलाच विचारलं. एक सोयरा तिला बाहेरचं पाहायला घेऊन गेला, दुसऱ्यानं तर स्थळच आणलं. सोळाव्या वर्षी! अन् मी? मी एकदा हात उचलला तिच्यावर. लोकांना नावं ठेवताना हे लपवत नाही.

तुम्ही शेजारच्या बाळंतिणीला पाहायला आल्या होत्या. पोरगी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, तुम्हीही बाजूला बसून सोलायला लागल्या. अर्धं टोपलं झालं तरी एक प्रश्न नाही. मग एकदम सरळ, "मरावंसं वाटते का वं बाई?" मी दाराआड होतो, माझे हातपायच गळाले. अशानं नसलेलं डोक्यात भरेल, असं वाटलं मला. ती रडली, पण बोलली. चार महिन्यांत पहिल्यांदा. तुम्ही मला नंतर समजावलं, विचारल्यानं तो विचार येत नसतो, आलेला असला तर बाहेर निघतो. अन् जाता जाता म्हणाल्या, "दादा, फवारणीचे डबे आजच घरातून काढा." आमचे डबे तिच्या खाटेखालीच होते, ताई.

दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. "मी काय पागल आहो?" जिल्ह्याचं मनाच्या आजारांचं पथक तालुक्याला येतं त्या दिवशी त्या दारासमोर कोण बसलं, हे संध्याकाळपर्यंत चार गावांत होतं. तुम्ही म्हणाल्या, "मले बी झोप येत नाही, मले दाखवाचं आहे. तू सोबत चाल." खिडकीवर दोन केसपेपर काढले, एक तुमच्या नावाचा. तो हातात दिसेल असा धरून तिच्याआधी बाकावर बसल्या. ओळखीच्या एका बाईनं विचारलंच, तर तुम्ही तो कागद हलवून दाखवला, "माहंच आहे वं." पोरगी ओढणीत तोंड लपवून बसली होती, तिनं ओढणी खाली केली. तुम्हाला झोपेचा काही त्रास नाही, हे मागाहून तुमच्या घरच्यांनी सांगितलं. बसल्या बसल्या घोरता म्हणे!

पुढचं डॉक्टरीण बाईंनी केलं, त्यांचेही उपकार आहेत. या वयातली उदासी पुष्कळदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून दिसते, पोटदुखी खोटी नव्हती, हे त्यांनी तिच्यासमोर मला सांगितलं. १० ते १९ वयातल्या दर ७ मुलांमागे एकाला मनाचा काही ना काही त्रास असतो म्हणे. एका वर्गात किती झाले, तो हिशेब गुरुजींनीच करावा. गोळीचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, सुरुवातीला जास्त लक्ष ठेवा, मनानं बंद करू नका, हेही बजावलं. तरी तिसऱ्या आठवड्यात मी बंद करायला निघालोच होतो. तुम्ही आल्या अन् रागावल्या. भिंतीवर खडूनं १४४१६ लिहून गेल्या, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी टेली-मानसचा नंबर. एका रात्री अकराला तो फोन लावला, मराठीत बोलले, पैसे पडले नाहीत.

ऑटोचे पैसे तुम्ही दिले, दिवस तुमचा मोडला. शिकलेले, पगारवाले आम्ही पुष्कळ पाहिले. ज्यांच्यावर अंगणवाडीपासून लसीपर्यंत सारा भार, त्यांनाच तेवढी सवड सापडली.

काल वरणात मीठ कमी म्हणून पोरगी मायशी भांडली, अन् भांडता भांडता हसली. तुमच्या नावाचा केसपेपर तिच्या फायलीत आहे, ती काढू देत नाही. पाहायचा असला तर घरी या. तुरीच्या शेंगा उकडून ठेवतो.

तुमच्या गावचा,
एक बाप