नाट्यगृहाचा आवाजही परत मिळायला हवा

मा. संपादक, स. न.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. खासबाग मैदानाजवळ जमलेल्या गर्दीत मीही होतो आणि आजूबाजूची वयस्कर माणसे डोळे पुसत होती, हे मी पाहिले आहे. पुनर्उभारणीच्या निमित्ताने छत, खुर्च्या, रंगमंच, वातानुकूलन आणि अग्निसुरक्षा यांविषयी पुष्कळ वाचायला मिळाले; परंतु त्या वास्तूच्या आवाजाविषयी माझ्या वाचनात फारसे काही आले नाही. म्हणून हे पत्र.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये हे नाट्यगृह ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभे केले, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. नटाचे पद आणि गद्य दोन्ही त्याच्या गळ्याच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे, आणि उरलेले काम भिंती, छत व लाकूड यांनी करायचे. आज आपण उलट वागतो. आधी सभागृह बांधतो, मग त्यात आवाज घुमतो म्हणून मोठे स्पीकर बसवतो, त्यामुळे तो आणखी घुमतो, आणि प्रेक्षक ‘साउंडवाल्या’ला दोष देत घरी जातात. घुमणाऱ्या खोलीत आवाज वाढवल्याने तो स्पष्ट होत नाही, कारण मूळ शब्दाबरोबर त्याचा निनादही तितकाच वाढतो.

हे मोजता येते, आणि ते आता नवे राहिलेले नाही. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये एका नव्या व्याख्यानगृहात शब्दच कळेनात, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणत असे, त्या मांडून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत असे आणि सकाळ होण्याआधी त्या परत नेऊन ठेवत असे. रिकाम्या दालनात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. तेवढ्या वेळात वक्त्याचे पुढचे दहा-बारा शब्द तोंडाबाहेर पडलेले असतात. त्याने काढलेले सूत्र साधे आहे. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनादकाळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, जास्त, आणि आतील पृष्ठभाग जितका आवाज शोषतील तितका तो कमी.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा एका वर्गखोलीचा हिशेब मांडून पाहिला. गिलावा, फरशी आणि काच आपल्यावर पडलेल्या आवाजाचा जेमतेम शेकडा तीन भाग शोषतात असे धरले, तर रिकाम्या खोलीचा निनादकाळ पावणेपाच सेकंद येतो. चाळीस मुले बसवली तरी तो दीड सेकंदाच्या खाली उतरत नाही. अमेरिकेतील मानक लहान वर्गखोलीसाठी ०.६ सेकंदाची मर्यादा सांगते. फक्त छताला आवाज शोषणारे चांगले तक्ते लावले, तर हाच वर्ग त्या मर्यादेत येतो. निवृत्तीपूर्वीची काही वर्षे मी अशाच एका चकचकीत नव्या इमारतीत शिकवले. मागच्या बाकावरची मुले ‘श’ आणि ‘स’ यांत गोंधळत, शुद्धलेखनात चुकत, आणि आम्ही त्यांना लक्ष देत नाही म्हणून रागावत असू. आज त्याचे वाईट वाटते.

निनाद सगळीकडे वाईट असतो, असे मुळीच नाही. अंबाबाईच्या देवळात घंटेचा नाद दगडी खांबांमधून रेंगाळतो आणि तो तसाच रेंगाळावा. विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी अनेकदा ऐकू येते, म्हणून तर आपण मुलांना तिथे नेतो. पण तिथे कोणी नाटकाचा प्रयोग लावणार नाही. संवादाला साधारण एका सेकंदाचा निनाद पुरतो, गाण्याला त्याहून थोडा अधिक लागतो. आपले संगीत नाटक या दोहोंच्या मधले आहे, त्यामुळे केशवराव भोसले नाट्यगृहासाठी हा समतोल कोठे साधायचा, हा प्रश्न नकाशावरच सुटला पाहिजे. मागाहून भिंतींना स्पंज चिकटवून तो सुटत नाही. शिवाय साधा स्पंज पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो, हे या वास्तूच्या बाबतीत तरी कोणाला वेगळे सांगायला नको. खनिज लोकर किंवा सिमेंटमध्ये बांधलेले लाकूड-तंतूंचे तक्ते असे आगीला दाद न देणारे पर्याय उपलब्ध आहेत. तसेच वातानुकूलनाच्या वाहिन्यांची घरघर किती असावी, हे यंत्रणा विकत घेण्याआधी ठरवावे, नाहीतर नाटकातली शांतताच नाहीशी होते.

सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी भारतीय मानक २५२६ हे १९६३ पासून आपल्याकडे आहे, आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेतही ध्वनीवर स्वतंत्र विभाग आहे. तरीही ग्रॅनाइट, आरसे आणि घुमटाकार छत यांनी सजलेल्या मंगल कार्यालयांत शेजारी बसलेल्या पाहुण्याशी ओरडून बोलावे लागते.

माझी मागणी एवढीच आहे. नाट्यगृह खुले करण्यापूर्वी त्याचा निनादकाळ वेगवेगळ्या रांगांत, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत मोजावा आणि ते आकडे तिकीट खिडकीजवळ लावावेत. यापुढे सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक सभागृहाला आणि शाळेला हीच अट असावी. भरलेल्या नाट्यगृहाची मोजणी करायची तर प्रत्येक खुर्चीत माणूस लागेल. त्या दिवशी हाक द्यावी. शहरातले नाट्यरसिक येतील आणि सांगाल तितका वेळ गप्प बसून राहतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर