नकाराचं पत्रही तुम्हीच लिहा

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा तू क्लासला निघाली होतीस आणि माझ्यासमोर ऑडिटवाले बसले होते, म्हणून फोनवर धड बोलणं झालं नाही. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. एका फाउंडेशनने तुमच्या वर्गाला खरे दहा हजार डॉलर दिलेत, ते कुठल्या संस्थेला द्यायचे हे तुम्ही विद्यार्थ्यांनीच मतदानाने ठरवायचं, तर त्यातले काही आमच्या मुलींच्या अभ्यासिकेला पाठवू का, असं तू विचारलंस. त्यातला एकही डॉलर आमच्या संस्थेला पाठवायचा नाही.

एक कारण कायद्याचं. परदेशी फाउंडेशनचा पैसा घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आमच्याकडे ती नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनाही तो आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरवून दिलेल्या शाखेत घ्यावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे 'ओळखीच्या मोठ्या संस्थेमार्फत पाठवू' हा तुझ्या मैत्रिणीचा तोडगाही बाद. तू भारतीय नागरिक आहेस, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत काही दिलंस तर ती गोष्ट वेगळी. पण तुझी बचत मला माहीत आहे. दुसरं कारण कायद्याहून मोठं आहे. तुझी आई याच संस्थेत काम करते. मतदानाच्या वेळी तू उठून बाहेर गेलीस तरी आत बसलेल्यांना ते माहीत असणारच. हे सगळं तुझ्या सरांना उघड सांग, त्यांना त्यावर एक अख्खा तास घेता येईल.

अभ्यासक्रम मात्र मला आवडला. पुस्तकातून दानधर्माचा इतिहास शिकवणं सोपं असतं. खरे पैसे हातात देऊन 'आता ठरवा' म्हणायला धीर लागतो. तू दिलेलं वाचलं. अमेरिकेतल्याच नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात मेयरसन फाउंडेशनच्या मदतीने हे १९९९ पासून चाललंय, आणि वॉरन बफे यांच्या बहिणीने, डोरिसबाईंनी, अशा वर्गांसाठी वेगळं फाउंडेशनच काढलं. नॉर्दर्न केंटकीत दोन रीती आहेत म्हणे: एकीत विद्यार्थीच रक्कम देतात, दुसरीत ते अर्ज चाळून शिफारस करतात आणि चेक दुसराच फाडतो. तुम्ही पहिल्या रीतीत आहात, म्हणून हे पत्र. मी इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडे, मागणाऱ्यांच्या बाजूला बसलेय. तिथून काय दिसतं ते तुमच्या वाचनाच्या यादीत मला सापडलं नाही.

तुम्ही अर्ज मागवणार. समज तीस संस्थांनी अर्ज केला. आमच्यासारख्या ठिकाणी एक प्रपोजल लिहायला एका माणसाचे चार दिवस सहज जातात: बजेट, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, विश्वस्तांची यादी, बेनिफिशियरींचे आकडे आणि 'तुमचा उपक्रम इतरांपेक्षा वेगळा कसा' यावर पाचशे शब्द. तिसा चोक एकशे वीस. तुमच्या एका चेकसाठी एकशे वीस दिवसांचं काम तुमच्या गावातल्या संस्थांनी आधीच फुकट करून ठेवलं, आणि एकोणतीस जणांच्या हाती काहीच येणार नाही. हा खर्च कुणाच्याच वहीत दिसत नाही. म्हणून माझा हट्ट आहे: आधी फक्त एक पान मागा. त्यातून तीन निवडा आणि पूर्ण अर्ज त्या तिघांनाच लिहायला लावा. फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न वर्गात मोठ्याने वाचा आणि विचारा, याच्या उत्तराने आपलं मत बदलणार आहे का? नसेल तर तो प्रश्न खोडा. एकदा एका देणगीदाराने आमच्याकडून सत्तर मुलींच्या वडिलांचे उत्पन्नाचे दाखले मागवले होते. ती फाइल कुणी उघडलीच नाही, कारण त्यात चुकून राहिलेल्या दोन कोऱ्या पानांबद्दल आजवर कुणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट दफ्तरांची. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्च करावे लागतात. हे २०१४ पासून आहे आणि त्याने भलंही बरंच झालंय, नाही म्हणणार नाही. पण फेब्रुवारी लागला की फोन येतात: मार्च एंडिंग आहे, तुमच्याकडे वाटप ठेवता येईल का? वाटप म्हणजे दफ्तरं, लोगोवाली. आमच्या अभ्यासिकेत अशाही मुली आहेत ज्यांच्याकडे तीन दफ्तरं आहेत. संध्याकाळी त्यांना गणित शिकवणाऱ्या ताईचं मानधन द्यायला मात्र कुणी तयार होत नाही, कारण मानधनाचा फोटो निघत नाही आणि ते 'ॲडमिन'मध्ये मोडतं. खोलीचं भाडं, विजेचं बिल, सीएची फी, विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करायला घातलेले हेलपाटे, हे सगळं ॲडमिन. तुमच्या वर्गात कुणीतरी नक्की म्हणेल की आपला पैसा थेट मुलांपर्यंत पोचला पाहिजे. त्याला विचार, ताई नसेल तर पोचवणार कोण? सगळाच प्रशासकीय खर्च निर्मळ असतो असं मी म्हणत नाही. गाड्या आणि सेमिनारांत पैसा उडवणाऱ्या संस्था मीही पाहिल्यात. पण ते टक्केवारीवरून कळत नाही, वह्या वाचून कळतं.

आता भेटी. तुम्ही संस्था बघायला जाणार, त्याबद्दल जरा लांबण लावते. आमच्याकडे पाहुणे येणार कळलं की सचिवकाका आदल्या दिवशी झाडझूड करून घेतात, मुलींना स्वागतगीत बसवलं जातं, गुच्छ येतात, चहासोबत तर्रीपोहे येतात आणि त्या दिवसाचा वर्ग बुडतो. पाहुणे फोटो काढून निघून जातात आणि 'फार छान काम आहे' असं मेलमध्ये लिहितात. काम तर त्या दिवशी बंद होतं! तेव्हा जाताना आधीच कळवा की स्वागत नको, वर्ग चालू द्या, आम्ही मागे बसू. अध्यक्षांशी अर्धा तास बोला, पण हिशेब लिहिणाऱ्या माणसाशी तासभर बोला. मुलांना 'तुला इथे येऊन कसं वाटतं' असं विचारू नका. संस्थेतल्या माणसासमोर ते पोर काय सांगणार? त्यापेक्षा मागच्या वर्षी काय जमलं नाही, हे संस्थेला विचारा. खरं उत्तर लगेच मिळणार नाही. ज्याच्या हातात चेक आहे त्याच्यासमोर अपयश कोण कबूल करतं? तरी विचारा, आणि ज्याने सांगितलं त्याचे गुण त्याच कारणाने कापू नका. तुमच्या गुणांच्या तक्त्यात 'परिणाम'ला पंचवीस आणि 'प्रामाणिकपणा'ला रकानाच नाही, हे मला खटकलं.

तुमचा आणखी एक घोळ सेमिस्टरचा आहे. चार महिन्यांत अर्ज, भेटी, वाद, मतदान, समारंभ. बाबा ज्या एलआयटीत, नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, शिकले ती कशी झाली आठवतं ना? कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींचे मालक. त्यांनी मृत्युपत्रात उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी आपला पैसा नागपूर विद्यापीठाला ठेवला. ते गेले १९३० मध्ये, संस्था उभी राहिली १९४२ मध्ये. मधली बारा वर्षं कुणाच्याच अहवालात चांगली दिसली नसती. तिथून बाहेर पडलेली मुलं त्यांनी एकही पाहिली नाहीत. तुम्ही बारा वर्षं थांबा असं मी म्हणत नाही, पण निदान पुढच्या बॅचने तुमच्या संस्थेकडे वर्षभराने एकदा जावं अशी सोय सरांना करायला सांग. नाहीतर वर्ग संपतो तिथेच तुमची नजरही संपते.

आणि ते तू म्हणून राहिली होतीस ना, की 'आपल्याकडे हे कुणी शिकवतच नाही', ते मला अर्धंच पटलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लोक जेवणाचे मंडप टाकतात, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. तिथे कुणी कुणाला दाखला मागत नाही. भूक लागली की पत्रावळ हातात. कॉलेजांत एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासून आहे, आमच्या वेळीही श्रमदान होतंच. श्रम द्यायला आपण शिकवतो, अन्न द्यायलाही. कुणाला द्यायचं नाही हे ठरवायला आणि ते त्याच्या तोंडावर सांगायला मात्र शिकवत नाही. तिथे तुझं खरं आहे. इथल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका मैत्रिणीला मी म्हटलं, माजी विद्यार्थ्यांकडून पंचवीस हजार गोळा करून तुझ्या वर्गाला दे, बघू काय करतात. ती म्हणाली, 'बाप्पा! व्हाउचरवर सही कोण करन?' हसलो दोघी, पण तिने तारीख विचारून घेतलीय. तुमचा गुणांचा तक्ता तिला पाठव, प्रामाणिकपणाचा रकाना घालून.

राहिले ते एकोणतीस, किंवा तुम्ही माझं ऐकलंत तर सत्तावीस आणि दोन. बहुतेक ठिकाणी त्यांना काहीच कळवत नाहीत. आम्ही महिनोन्महिने वाट पाहतो, मग वेबसाइटवर दुसऱ्याचाच फोटो दिसतो. तुमच्या वर्गाने हे करू नये. पहिल्या पानावर गळले त्यांना आठवड्याच्या आत दोन ओळी. शेवटच्या दोघांना फोन, आणि मग कारण लिहून पत्र; 'अर्ज फार चांगले होते, निवड अवघड होती' हे वाक्य सोडून. ते पत्र ऑफिसातल्या बाईंकडे ढकलू नका. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनीच ते लिहावं.

आलेले अर्ज मला पाठवू नकोस, ते लोकांनी विश्वासाने दिलेले असतात. त्या पत्राचा मसुदा मात्र पाठव, लाल पेन घेऊन बसते. रविवारी तुझ्याकडे सकाळ असताना फोन कर, ऑडिट तोवर संपलेलं असेल.

तुझी
आई